यंत्र बदलायला सांगण्याआधी दोष दाखवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सहकारी संस्थांच्या संगणकीकरणाबद्दल सध्या बरेच बोलले जात आहे. प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांसाठी केंद्राने जून 2022 मध्ये 2,516 कोटी रुपयांची योजना मंजूर केली, 63 हजार संस्था तीत धरल्या. चांगलेच झाले. आमच्यासारख्या नागरी पतसंस्था मात्र त्या योजनेत बसत नाहीत. आमच्याकडचा सर्व्हर काय नि प्रिंटर काय, सभासदांच्या पैशातून येतो आणि वार्षिक सभेत त्यावर प्रश्न विचारले जातात. म्हणूनच सॉफ्टवेअर पुरवठादार किती सहजपणे 'सगळी यंत्रे बदला' म्हणतात, याचा आमच्याकडचा नमुना कळवावासा वाटला.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पतसंस्थेचा संगणक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि टेबलाखाली गुंडाळलेल्या केबली. मुख्य कार्यालयातला सर्व्हर जुना, 32-बिटचा होता. (32-बिट आणि 64-बिट म्हणजे विंडोजची जुनी नि नवी जात.) मंडळाने तो काढून 64-बिटचा घेतला, आणि त्याला इलाजही नव्हता. विंडोज सर्व्हर 2008 च्या पुढे 32-बिटची आवृत्ती निघालेलीच नाही. शाखांमधले पीसी मात्र 32-बिटवरच ठेवले. कारण पिग्मी, म्हणजे सभासदांची रोजची ठेव. संध्याकाळी एजंट मशीन घेऊन काउंटरवर येतात, दिवसाची वसुली पीसीत उतरवतात. ते मशीन पीसीला ओळखता यावे म्हणून लागणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, 32-बिटचा आहे, आणि 64-बिट विंडोज असा ड्रायव्हर चालू करून घेत नाही. मशीन बनवणाऱ्याने नवा ड्रायव्हर काढलेला नाही.

नव्या सर्व्हरवर हिशेबाचा प्रोग्राम बसवला आणि शाखांचे काम अडले. शाखेतला प्रोग्राम सुरू होताना एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे काही ओळींचा प्रोग्राम, मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरची रजिस्ट्री (विंडोज जिथे सेटिंग्ज साठवते ती जागा) दुरून वाचते: डेटाबेसचे नाव काय, बॅकअप कुठे ठेवायचा, शाखेचा कोड कोणता. उत्तर यायचे, 'सेटिंग सापडली नाही'. आणि सर्व्हरसमोर बसून रजिस्ट्री उघडली, की तीच सेटिंग ढळढळीत समोर.

पुरवठादाराचा माणूस आला. आधी त्याने सर्व्हरची फायरवॉल, म्हणजे बाहेरच्या जोडण्या अडवणारी राखण, बंद केली. फरक पडला नाही. मग शाखांच्या लॉगिनला थेट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार दिले. तरीही नाही. तेव्हा निदान झाले: 'सर्व्हर आणि पीसी मॅच होत नाहीत, शाखांचे सगळे पीसी बदलावे लागतील.' दुपारपर्यंत कोटेशनही मेलवर हजर. फायरवॉल पुन्हा चालू करायचे मात्र तो विसरून गेला, ते मी केले.

वास्तविक संगणक काय दुखते ते सांगत होता. दुरून जोडताना 'आरपीसी सर्व्हर अनअव्हेलेबल' आले, तर वाट अडली आहे, म्हणजे नेटवर्क किंवा फायरवॉल बघायची. 'अ‍ॅक्सेस डिनाइड' आले, तर अधिकार कमी पडतात. आमच्याकडे यातले एकही येत नव्हते. वाट मोकळी होती, अधिकार होते, सर्व्हर व्यवस्थित उत्तर देत होता. फक्त त्या जागी सेटिंग नाही म्हणत होता. मग फायरवॉल बंद करून काय साधणार होते?

गोम अशी. 64-बिट विंडोजमध्ये रजिस्ट्रीतला 'सॉफ्टवेअर' हा कप्पा एकाच नावाच्या दोन खतावण्या असाव्यात तसा असतो. 64-बिटचे प्रोग्राम मूळ खतावणीत लिहितात. 32-बिटच्या प्रोग्रामांना विंडोज न सांगता दुसरीकडे वळवते, तिचे नाव 'वाव-सिक्स्टीफोर-थर्टीटू-नोड'. आमचा नवा प्रोग्राम 64-बिटचा, त्याने मूळ जागी लिहिले. शाखेतली स्क्रिप्ट 32-बिटची, म्हणून सर्व्हरने तिला दुसरी खतावणी उघडून दिली. ती कोरी. (या विषयातल्या नावांची तऱ्हाही न्यारी आहे. 64-बिटच्या फाइली राहतात त्या फोल्डरचे नाव 'सिस्टिम-32', आणि 32-बिटच्या असतात त्याचे 'सिस-वाव-64'. नवशिक्याने डोके धरावे नाही तर काय.)

पीसी बदलणार नसाल तर दुसरा तोडगा म्हणून त्या गृहस्थाने सगळ्या सेटिंग्ज कोऱ्या जागी कॉपी करून ठेवायचे सुचवले. त्या दिवसापुरते चालले असते. पण आमच्याकडे 1 एप्रिलला नव्या वर्षाचा डेटाबेस उघडतो आणि त्याचे नाव सर्व्हरवरचा प्रोग्राम मूळ जागी बदलतो. कॉपीत जुनेच नाव राहिले असते आणि शाखांनी एप्रिलच्या पावत्या बंद केलेल्या वर्षात टाकल्या असत्या. लेखापरीक्षकांना मी काय तोंड दाखवणार होतो?

खरी दुरुस्ती स्क्रिप्टच्या चार-दोन ओळींची निघाली. दुरून माहिती मागताना 'प्रोव्हायडर आर्किटेक्चर' 64 हवे, असे स्पष्ट लिहायचे. मग मागणारा 32-बिटचा असला तरी सर्व्हर मूळ जागेतलेच देतो. ही सोय खुद्द विंडोजच्या माहितीपुस्तिकेत दिलेली आहे, माझा शोध नव्हे. मंडळाला सांगून स्क्रिप्टच्या एका प्रतीवर, एकाच शाखेत करून पाहिले. चालले. मग पुरवठादाराला कळवले आणि त्यांच्याकडून तो बदल सगळ्या शाखांसाठी लेखी मागून घेतला. शाखांच्या लॉगिनचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार काढून फक्त दुरून वाचण्यापुरते ठेवले. फायरवॉलमध्ये या कामापुरतेच नियम चालू केले, तेही आमच्या शाखांच्या पत्त्यांसाठी.

जुने पीसी जन्मभर वापरावेत असे माझे म्हणणे नाही. विंडोज 7 चा आधार 14 जानेवारी 2020 ला संपला, विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 ला. सुरक्षिततेसाठी यंत्रे बदलावीच लागतील, आणि त्याचा प्रस्ताव मी स्वतः मंडळापुढे ठेवला आहे, पिग्मी मशीनच्या खर्चासकट. पण ते कारण वेगळे आणि हे वेगळे. स्क्रिप्टमधल्या चार ओळींची किंमत म्हणून सभासदांच्या गळ्यात नवे पीसी मारायचे, हा कुठला न्याय? लहान संस्थांत विचारणारा कोणी नसतो. 'मॅच होत नाही' म्हटले की संचालक मान डोलावतात आणि ठराव होतो.

आमच्या मंडळाने पुढच्या एएमसी (वार्षिक देखभाल) करारात आता तीन गोष्टी घातल्या आहेत. बिघाडाचा मूळ संदेश आणि त्याचा क्रमांक लेखी द्यायचा. तपासणीसाठी फायरवॉल बंद केली किंवा अधिकार वाढवले, तर त्याच दिवशी पूर्ववत करून सही द्यायची. आणि यंत्र बदलण्याची शिफारस करायची असेल, तर नवे यंत्र एका शाखेत लावून, पिग्मीची वसुली उतरवून दाखवायची, मगच कोटेशन. पुरवठादाराने पहिल्या दोन अटींवर सही केली आहे. तिसरीवर त्यांचा 'विचार चालू आहे'. जिल्ह्यातल्या इतर पतसंस्थांनी याच अटी आपापल्या करारात घातल्या, तर तो विचार लवकर संपेल असे वाटते.

आपला,
पतसंस्थेतील एक कर्मचारी, जि. सांगली