आमच्या डाएटिशियन ताईंना मनापासून थँक्यू

ताई, खरंतर हे केव्हाच लिहायला हवं होतं, पण भेटले की तुमच्यासमोर पुढचा पेशंट बसलेला असतो आणि बोलायचं राहूनच जातं, म्हणून आता इथेच सगळ्यांसमोर लिहिते.

वजन कमी करण्याच्या स्लीव्ह सर्जरीत जवळपास पाऊण पोट काढून टाकतात, उरते ती केळ्यासारखी नळी, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण त्या नळीत पाणी कसं घालायचं हे मला तुम्ही शिकवलंत. ऑपरेशननंतर वॉर्डात तो रेघा असलेला छोटा प्लास्टिकचा कप घेऊन आलात, 30 मिलीच्या रेघेपर्यंत पाणी ओतलंत आणि म्हणालात, हे पंधरा मिनिटात संपवायचं, त्याआधी नाही. घसा इतका कोरडा पडला होता की अख्खा तांब्या तोंडाला लावावासा वाटत होता, आणि तुम्ही शेजारी बसून एकेक घोट घ्यायला लावत होतात, मध्येच विचारायचात, छातीत दाटतंय का, ढेकर आला का. मग हिशोब करून दाखवलात, तासाला 120 मिली, दिवसाचे तेरा-चौदा तास जाग, म्हणजे दीड लिटरच्या वर सहज जातं. त्या हिशोबाने माझी भीती गेली ताई, कारण तोपर्यंत वाटत होतं की एवढुशा पोटात दिवसभराचं पाणी मावणारच कसं.

आणि सासूबाईंना समजावलंत त्याबद्दल तर हात जोडून आभार. आमच्याकडे ताटाशेजारी पाण्याचं भांडं नसेल तर जेवायला वाढलं असं कुणी म्हणतच नाही. तुम्ही त्यांना आई म्हणून शेजारी बसवून घेतलंत आणि सांगितलंत की जेवणाआधी अर्धा तास आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही, दोन्ही एकदम गेलं की जागा उरत नाही, मळमळतं आणि डाळ, पनीर, अंडं, जे प्रोटीन पोटात जायलाच हवं तेच राहून जातं. आता त्याच माझं भांडं उचलून ओट्यावर ठेवतात आणि घड्याळ बघून परत आणून देतात.

तुम्ही छापील कागद हातात देऊन मोकळ्या झाला नाहीत. आमच्या घरात काय शिजतं ते विचारलंत, मग डाळीवरचं पाणी, पातळ गाळलेलं ताक, शहाळं थोडंथोडं, असं आमच्याच स्वयंपाकघरातलं सांगितलंत. सोडा आणि कोल्ड्रिंक नको कारण गॅसने पोट फुगून दुखतं, उसाचा रस नको कारण एवढी साखर एकदम आतड्यात उतरली की घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात, प्रत्येक नाही मागे कारण होतं म्हणून ते पाळता आलं. चहा सुरुवातीचे काही आठवडे बंद हे सगळ्यात जड गेलं हे मात्र खरं 🙏

तो रविवार तर मी विसरूच शकत नाही. उभं राहिलं की गरगरत होतं, पाणी घेतलं की उलटून पडत होतं, घरचे म्हणत होते अशक्तपणा आहे, झोप काढ. तुम्ही सुट्टीच्या दिवशी फोन उचललात आणि पहिलाच प्रश्न, लघवीचा रंग कसा आहे? गडद पिवळी म्हटल्यावर तुम्ही एक मिनिट पण घालवलं नाहीत, पाणी पोटात टिकत नसेल तर घरी थांबायचं नाही, आत्ता निघा, सलाईन लागेल. आणि खरंच सलाईन लावावं लागलं. सलाईनसोबत बी1 व्हिटॅमिनबद्दल डॉक्टरांना विचारा हेही तुम्हीच सांगितलंत, कारण उलट्या चालू राहिल्या की ते कमी पडतं.

माझ्यासारखं ऑपरेशन झालेलं कुणी हे वाचत असेल तर ताईंचा हा रंगाचा प्रश्न रोज स्वतःला विचारा, आणि तहान लागायची वाट न बघता बाटली हाताशी ठेवा.

ताई, पुढच्या आठवड्यात ब्लड टेस्टचे रिपोर्ट घेऊन येतेय. सासूबाई पण येणार म्हणतात, त्यांना तुम्हाला स्वतः भेटायचंय.

तुमचीच एक पेशंट