पाठदुखीची गोळी आणि मूत्रपिंड

आपल्या आरोग्य पुरवणीतील रक्तदाबाच्या औषधांच्या दुष्परिणामांवरील लेख वाचला. या औषधांनी मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो हा त्यातला इशारा योग्यच, पण तो वाचून कोणी गोळ्या परस्पर बंद करू नयेत. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातील घटक) थोडे वाढू शकते. 30 टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात. उलट, ताब्यात न ठेवलेला रक्तदाबच मूत्रपिंडे बिघडवतो.

लेखात एक मुद्दा राहून गेला. पाठ धरली की आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक आणले जाते. (ते ‘शेड्यूल एच’मधले, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारे औषध आहे, हे दुकानदाराला ठाऊक असते!) अशी वेदनाशामके मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करू शकतात. सोबत वरीलपैकी एखादी गोळी आणि लघवी वाढवणारे औषध चालू असेल, तर मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचा धोका वाढतो. जुलाब-उलट्या झाल्या असतील तर अधिकच. शिवाय मूत्रपिंडाचा बिघाड बहुतेकदा दुखत नाही, म्हणून पाठदुखीवरून अंदाज बांधण्यात अर्थ नाही; क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणीच करावी लागते. वेदनाशामक देताना ‘बीपीची गोळी चालू आहे का?’ एवढे तरी दुकानदाराने विचारावे.

– एक ज्येष्ठ वाचक, सातारा