पॅटला घाबरू नकोस

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला आणि ठरवलं की फोन न करता सविस्तर लिहायचं. लॅबमधली नोकरी सांभाळून डॅट, म्हणजे अमेरिकेतल्या डेंटल स्कूलची प्रवेश परीक्षा, द्यायची आणि डेंटल स्कूललाच जायचं, हे तू पक्कं केलंस याचा मला मनापासून आनंद झालाय. पण मेसेजच्या शेवटी तू लिहिलंयस की पॅटचे, म्हणजे तिच्यातल्या आकार ओळखण्याच्या विभागाचे, नमुना प्रश्न बघून हातपाय गळाले, भूमितीत कच्च्या असलेल्या माणसाचं हे काम नाही. हे मला अजिबात पटलेलं नाही. म्हणून आधी परीक्षेचं थोडक्यात सांगतो आणि मग पॅटवर येतो, कारण माझ्या मते तुझी खरी तयारी तिथूनच सुरू व्हायला हवी.

अमेरिकन डेंटल असोसिएशनची ही परीक्षा वर्षभर चालू असते, म्हणजे अमुक एका रविवारी सगळ्यांनी मिळून द्यायची असला प्रकार नाही. आधी डेंटपिन नावाचा क्रमांक काढायचा, मग अर्ज करायचा, तो मंजूर झाला की प्रोमेट्रिक या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर आपल्या सोयीची तारीख घ्यायची. सगळं संगणकावर. पहिला विभाग विज्ञानाचा: बायोलॉजीचे 40, जनरल केमिस्ट्रीचे 30 आणि ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचे 30 असे 100 प्रश्न, वेळ 90 मिनिटं. त्यानंतर पॅट, 90 प्रश्न आणि 60 मिनिटं. मग हवी असेल तर सुटी. सुटीनंतर वाचनाचे तीन उतारे, त्यावर 50 प्रश्न आणि एक तास. शेवटी गणित, 40 प्रश्न आणि 45 मिनिटं. फिजिक्स नाही! हे वाचून तुझा चेहरा कसा खुलला असेल ते मला इथून दिसतंय.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. आणि गुणांबद्दल एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेव, नाहीतर गोंधळ होईल. पूर्वी गुण 1 ते 30 या पट्टीवर मिळायचे. मार्च 2025 पासून ती पट्टी 200 ते 600 अशी झाली. त्यामुळे जुने लोक "बावीस आले", "वीस आले" म्हणतात तेव्हा आपले किती यायला हवेत याचा हिशेब त्या आकड्यांवरून करत बसू नकोस.

आता पॅट. तुझ्या मनात असं बसलंय की डेंटल स्कूलवाल्यांनी उगाच एक कोडं मध्ये घालून ठेवलंय. तसं नाही रे. ही परीक्षा 1950 पासून देशभर घेतली जाते आणि सुरुवातीच्या काळात उमेदवाराला चक्क खडू कोरून दाखवावा लागायचा. दिलेल्या मापाचा आकार, दिलेल्या वेळात. 1972 मध्ये खडू गेला आणि त्याच्या जागी ही कागदावरची आकारांची परीक्षा आली. कॅनडातल्या डॅटमध्ये तर साबणाची वडी कोरायला लावण्याची पद्धत अगदी अलीकडपर्यंत होती. म्हणजे त्यांना पहिल्यापासून जे बघायचंय ते एकच: समोरची वस्तू या माणसाच्या डोक्यात नीट उभी राहते का?

हे का बघतात, ते मला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात शॅडोइंग करताना, म्हणजे शेजारी राहून त्यांचं काम बघताना, कळलं. वरच्या दाढेची मागची बाजू सरळ बघताच येत नाही. डॉक्टर तोंडातल्या छोट्या आरशात बघतात आणि आरशातलं चित्र उलटं असतं. हात पुढे न्यायचा तर चित्रात तो मागे जातोय असं दिसतं. शेजारी उभा राहून मी तो आरसा आणि ते टोकदार अवजार बघत होतो, आणि त्यांचा हात एकदाही अडखळला नाही. एक्स-रेचंही तेच. फिल्मवर सगळं सपाट, एक मूळ दुसऱ्यावर आलेलं. कुठलं गालाकडचं आणि कुठलं टाळूकडचं हे ओळखायला ते यंत्र थोडं तिरकं करून दुसरा एक्स-रे घेतात आणि दोन्ही चित्रं मनात जुळवतात. पॅटमध्ये टॉप-फ्रंट-एंड नावाचा प्रकार आहे, दोन बाजूंची चित्रं देतात आणि तिसरी ओळखायची असते, लपलेल्या कडा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. त्या दिवशी दवाखान्यातून निघताना मला वाटलं, हा प्रश्न नि तो एक्स-रे एकाच जातीचे आहेत. तेव्हापासून पॅटचा कंटाळा आला नाही.

आणि ही नजर शिकता येते. तू म्हणशील, तुला जमतं म्हणून बोलतोस. नाही, मला सुरुवातीला अजिबात जमत नव्हतं आणि सरावाने जमायला लागलं, म्हणूनच इतकं जोर देऊन सांगतोय. पॅटमध्ये सहा प्रकार आहेत, प्रत्येकी 15 प्रश्न. त्यातले निदान दोन असे आहेत की तिथे कल्पनाशक्ती कमी आणि शिस्त जास्त लागते. तिथून सुरुवात कर.

पहिला म्हणजे क्यूब मोजणी. एकमेकांना चिकटवलेल्या ठोकळ्यांचा ढीग दाखवतात. तो सगळ्या उघड्या बाजूंनी रंगवलाय, फक्त जमिनीला टेकलेली बाजू सोडून. प्रश्न असतो, बरोब्बर दोन बाजू रंगलेले ठोकळे किती? नवखा माणूस प्रत्येक प्रश्नाला पुन्हा पहिल्यापासून ढीग मोजतो आणि वेळ संपवतो. तसं करायचं नाही. एका चित्रावर बरेचदा लागोपाठ दोन-तीन प्रश्न असतात. चित्र समोर आलं की परीक्षेत लिहायला मिळणाऱ्या बोर्डावर उभं 0 ते 5 लिहायचं. मग एका कोपऱ्यापासून सुरू करून एकेक ठोकळा घ्यायचा, वर काही आहे का, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, असं बघत जायचं आणि त्या आकड्यासमोर रेघ मारायची. मागे लपलेले ठोकळे विसरायचे नाहीत. वरचा ठोकळा दिसतोय म्हणजे त्याला आधार द्यायला खाली कोणीतरी आहेच. शेवटी सगळ्या रेघांची बेरीज आणि ढिगातल्या एकूण ठोकळ्यांची संख्या जुळली की तक्ता बरोबर. त्या चित्रावरचे सगळे प्रश्न मग नुसता तक्ता वाचून सुटतात. सरावाने हे इतकं सवयीचं होतं की तिथे वाचलेली मिनिटं तुला पुढच्या अवघड प्रकारांना देता येतात.

दुसरा कागदाच्या घड्यांचा. चौकोनी कागदाला एक, दोन किंवा तीन घड्या घालतात, भोक पाडतात, आणि उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील ते विचारतात. चार बाय चारचे सोळा ठिपके डोळ्यांसमोर धर. उलगडताना शेवटची घडी आधी, मग तिच्या आधीची, असं उलट्या क्रमाने जायचं. प्रत्येक घडीच्या रेषेपलीकडे भोकाचं प्रतिबिंब मांडायचं, पण त्या जागी कागद खरंच दुमडून आला होता का हे तपासून. पहिले काही दिवस खरा कागद घे, खरंच घड्या घाल, भोक पाड आणि उलगडून बघ. लहान मुलांचा खेळ वाटेल, पण बोटांना जे कळतं ते डोळ्यांना लवकर कळतं.

कोनांचा प्रकार वेगळा आहे. चार कोन देतात, लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे. तिथे फार विचार करू नकोस. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आधी हेरायचा, तेवढ्यावरही पर्याय गळतात. एका कोनाकडे टक लावून बघत राहिलास की डोळे फसवतात. कीहोल मात्र मला शेवटपर्यंत वेळखाऊ वाटला. वस्तू भोकातून आरपार गेली पाहिजे, आत शिरण्याआधी कशीही फिरवलेली चालते, एकदा शिरली की वळवायची नाही. तिथे बाहेरच्या कडेचं प्रमाण बघायचं, आतल्या नक्षीकडे लक्ष द्यायचं नाही. उलगडलेल्या आकृतीपासून घन बनवायचा प्रकार सरावाने येतो, त्यावर वेगळं लिहीत नाही.

हिशेब केलास तर एका प्रश्नाला सरासरी चाळीस सेकंद मिळतात. म्हणून पॅट शेवटच्या महिन्यावर टाकायची नाही. पाठांतर शेवटी घाईघाईने थोडंफार भरून काढता येतं, नजर तशी भरून काढता येत नाही. तिला रोज थोडं लागतं. लॅबला जायच्या आधी अर्धा तास, रोज, एवढं जरी ठेवलंस तरी पुरे. सुटीच्या दिवशी चार तास बसून आठवडाभर हात न लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

विज्ञानाचं तुला मी काय शिकवणार, तू रोज त्यातच असतोस. एकच सांगतो. इथली बायोलॉजी खोल नाही, पण रुंद फार आहे. तुझ्या लॅबमधलं एक प्रोटीन तुला रंध्रारंध्राने माहीत असेल, इथे मात्र वनस्पतींच्या ऊतींपासून गर्भाच्या तीन थरांपर्यंत कुठूनही प्रश्न येतो. त्यामुळे एका प्रकरणात रमू नकोस, सगळ्यावरून हात फिरव आणि पुन्हा फिरव. ऑर्गॅनिकमध्ये अभिक्रिया पाठ करण्याऐवजी इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातोय हे प्रत्येक वेळी बाण काढून बघ. आयआरमध्ये, म्हणजे इन्फ्रारेड आलेखात, 1700 च्या आसपास ठसठशीत खाच दिसली की कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध), एवढ्या साध्या ओळखीही तिथे कामाला येतात. आणि तिन्ही विषयांना मिळून 90 मिनिटं आहेत हे विसरू नकोस. बायोलॉजीत रेंगाळलास तर त्याची किंमत ऑर्गॅनिकला मोजावी लागते.

वाचनाच्या उताऱ्यांना आधीचं ज्ञान लागत नाही, उत्तर उताऱ्यातच असतं. मी आधी प्रत्येक परिच्छेदाचा विषय एका शब्दात टिपून घ्यायचो, मग प्रश्नाकडे जायचो. तुझी पद्धत वेगळी असेल तर तीच ठेव. गणितात स्क्रीनवर साधा कॅल्क्युलेटर असतो, पण तो फक्त त्याच विभागात. केमिस्ट्रीची आकडेमोड हातानेच करायची आहे, तेव्हा लॉगचे अंदाज आणि अपूर्णांकांची काटछाट आत्तापासून कागदावर कर.

परीक्षेच्या दिवसाबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगतो, कारण तिथे गेल्यावर नवखेपणामुळे माणूस बिचकतो. दोन ओळखपत्रं ने, आणि त्यांवरचं नाव अर्जातल्या नावाशी तंतोतंत जुळतंय ना ते आधीच बघ. आपल्यात वडिलांचं नाव मध्ये असतं, एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, कुठे गायबच. हे काम आजच कर. केंद्रावर खिसे उलटे करून दाखवायला लावतात, बोटांचे ठसे घेतात, घड्याळसुद्धा लॉकरमध्ये जातं. लिहायला कागद नसतो, पुसता येणारे बोर्ड आणि बारीक टोकाचे मार्कर देतात. त्यावर लिहायची सवय आधी घरी करून ठेव, कारण हात जरा टेकला तरी लिहिलेलं पुसतं, आणि क्यूबचा तक्ता अर्धा पुसला गेला तर फार जड जातं. सुटी ऐच्छिक असली तरी घेच. बाहेर येऊन पाणी पी, काहीतरी खा, पण लॉकरमधल्या फोनला हात लावू नकोस, ते नियमात बसत नाही.

तारखेचं म्हणशील तर डेंटल स्कूलचे अर्ज साधारण जूनच्या सुरुवातीपासून पाठवता येतात, आणि बऱ्याच शाळा अर्ज येतील तसे बघत जातात. उशीर झाला तर जागा कमी उरतात. म्हणून अर्जाच्या आधी, वसंतातच परीक्षा उरकता आली तर उत्तम. पण तयारी झाली नसेल तर तारीख पुढे ने, त्यात लाज नाही. पुन्हा द्यायची वेळ आली तर मध्ये ठरावीक दिवस थांबावं लागतं आणि आधीचे गुणही शाळांना दिसतात.

तुझ्याबद्दल मला काळजी वाटत नाही. अंगठ्याएवढ्या नळीत थरथर न करता थेंब सोडणारे हात आहेत तुझे, मी बघितलेत. तुझा प्रश्न फक्त नजरेचा आहे, आणि तो सरावाने सुटतो. या रविवारी क्यूब मोजणीचे पंधरा प्रश्न सोडव, वेळ लावू नकोस, आणि तक्त्यांचे फोटो मला पाठव. मी बघून संध्याकाळी फोन करतो. आणि ते ओळखपत्रावरच्या नावाचं तेवढं विसरू नकोस.

तुझा,
जुना रूममेट