जीआय तर मिळाला, पुढे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली काही वर्षं आपल्याकडे जीआयच्या, म्हणजे एखाद्या भागाच्या खास वस्तूला मिळणाऱ्या भौगोलिक मानांकनाच्या, बातम्या येतायत. फेणीला 2009 मध्ये मिळाला, तो गोव्यातला पहिला. मग खोलची मिरसांग (मिरची), हरमलची मिरसांग, मयड्याची केळी, खाजें ही मिठाई झाले, आणि 2023 मध्ये मानकुराद आंबा, बिबिंक हा गोड पदार्थ, आगशीची वांगी, सात शिरांची भेंडी. प्रत्येक वेळी फोटो येतो, सत्कार होतो, व्हॉट्सअ‍ॅपवर "गोंयकारांक अभिमान" म्हणून फिरतं आणि नंतर सगळे गप्प. तर त्या गप्प होण्यावरच लिहितोय, जरा लांबलंय, कापायचं तिथे कापा.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या गोव्यातल्या माशेलच्या माणसाशी जोडलेली आहे आणि आपल्याकडे ती म्हणावी तितकी सांगितली जात नाही. 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. म्हणजे बोट कापलं की आई जे धावत जाऊन आणते तेच. आणि अर्ज केलेले दोघं संशोधक भारतीयच होते, हे वाचून हसावं की रडावं कळत नाही. त्यावेळी सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, जन्म माशेलचा. त्यांच्या संस्थेने 1996 मध्ये अमेरिकेच्या पेटंट ऑफिसात आव्हान दिलं. आता तुम्ही म्हणाल यात काय एवढं, हळद लावतात हे कोणालाही माहीत आहे. पण तिथे "आमची आजी लावायची" हे चालत नाही हो, कागद लागतो. मग 32 संदर्भ गोळा केले, संस्कृत, उर्दू, हिंदीतले, काही शंभर वर्षांहून जुने, आणि त्यात 1953 सालचा भारतीय वैद्यकीय जर्नलमधला एक लेखही होता. 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. कडुनिंबाचं असंच, युरोपच्या पेटंट ऑफिसने 1994 मध्ये बुरशीवरच्या निंबतेलाच्या औषधाला दिलेलं पेटंट 2000 मध्ये काढून घेतलं आणि त्यावरचं अपील मिटायला 2005 उजाडलं. या सगळ्यातून धडा घेऊन 2001 पासून आपल्या सरकारने पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी उभी केली, ती परदेशातली पेटंट ऑफिसं अर्ज तपासताना बघतात.

पण यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. हळदीची केस जिंकली म्हणून कुठल्या हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याला एक पैसासुद्धा मिळाला नाही. मिळणारही नव्हता, कारण चुकीचा हक्क रद्द झाला एवढंच, नवा कोणाला दिला नाही. जीआयचं तसं नाही, तिथे पैसा मिळू शकतो. म्हणून तर चीड येते.

आपल्याकडे पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क सगळ्याची एकच खिचडी करून बोलतात. "फेणीचं पेटंट मिळालं" असं मी सरकारी कार्यक्रमाच्या स्टेजवरून ऐकलंय! पेटंट 20 वर्षांचं आणि एखाद्याच्या शोधाचं, कॉपीराइट लेखक गेल्यानंतर 60 वर्षं, (ही 60 वर्षंही 1992 मध्ये झाली, रवींद्रनाथांच्या लिखाणाचा हक्क संपत आला होता म्हणून, त्याआधी 50 होती), ट्रेडमार्क दर दहा वर्षांनी रिन्यू करत राहिलात तर कायमचा. जीआयसुद्धा दर दहा वर्षांनी रिन्यू करायचा, पण तो कोणा एकाचा नसतो, त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचा असतो, आणि विकताही येत नाही कोणाला. हे विकता न येणं मला सगळ्यात आवडतं. नाहीतर एव्हाना दिल्लीच्या एखाद्या कंपनीने आख्खा मानकुराद विकत घेतला असता.

आणि पेटंट म्हणजे नेहमी वाईटच असंही नाही. इंग्रजांनी 1856 मध्ये कायदा आणला तेव्हा कलकत्त्यात पहिला अर्ज आला तो जॉर्ज डी पेनिंग नावाच्या इंजिनियरचा, कशासाठी तर पंखा ओढायच्या मशीनसाठी! साहेबाला वारा घालायला माणसं बसायची ना दोरी धरून, त्यासाठी. आपल्याकडे तेव्हा पोर्तुगीज, त्यामुळे तो कायदा इथे आलाच नाही. नंतर 1970 चा कायदा झाला, त्यात औषधावर पेटंट नाही, फक्त ते बनवायच्या पद्धतीवर, आणि त्यामुळेच देशातल्या कंपन्या स्वस्त औषधं बनवायला शिकल्या. 2005 मध्ये औषधावरचं पेटंट परत आलं, पण कलम 3(ड) ठेवलं (जुन्याच औषधात किरकोळ बदल केला म्हणून नवं पेटंट नाही), म्हणून 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्लिवेक या कॅन्सरच्या औषधावर नोवार्टिस कंपनीला पेटंट नाकारलं. आज वेर्ण्याला औषधाच्या कंपन्यांत आपली एवढी पोरं नोकरीला आहेत, त्यातल्या कितीजणांना हा इतिहास माहीत असेल देव जाणे.

असो, मिरचीकडे येतो. मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवणीची, गडबड असते तेव्हा जाऊन बघा. सुकी मिरची ढिगाने मांडलेली असते, एकीकडे लाल भडक लांब, दुसरीकडे आखूड. विचारलं की "हरमलचीच बाय, घे". शेजारच्या ढिगाचं विचारलं तरी हरमलचीच. आमच्या वहिनीने एकीला सरळ विचारलं की हरमलात एवढं शेत आहे तरी का, तर ती म्हणते "बाय, तूं घेता जाल्यार घे". आमची वहिनी पेडण्याची, तिला रंगावरून आणि वासावरून कळतं, पणजीहून गाडी घेऊन आलेल्या बाईला कसं कळणार? ती भाव मोजते हरमलचा आणि घरी नेते भलतीच मिरची. आणि खरी हरमलची लावणारा म्हातारा तिथेच कोपऱ्यात छोटी टोपली घेऊन बसलेला असतो, त्याच्याकडे ना बोर्ड ना स्टिकर.

आता कायदा काय म्हणतो बघा. जीआय नोंदला गेला म्हणजे काम संपलं असं नाही. प्रत्येक उत्पादकाने स्वतःची "अधिकृत वापरकर्ता" म्हणून नोंदणी करायची असते, ती झाली की तो जीआयचा लोगो वापरू शकतो आणि कोणी खोटं नाव वापरलं तर स्वतः केस करू शकतो. खोट्या जीआयला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे, कागदावर. अर्ज चेन्नईच्या जीआय नोंदणी ऑफिसात जातो. फी आधी 500 रुपये होती, 2020 मध्ये ती 10 रुपये केली. दहा रुपये! एका चहाला पण पुरत नाहीत. मग लोक का करत नाहीत? कारण सांगितलंच नाही कोणी. आमच्या वाड्यावर काजूची भाटी चालवणारे आहेत, मार्चपासून निरो (काजूच्या बोंडांचा रस) काढायचा, आंबवायचा, भाटीला हुर्राक (पहिल्या धारेची दारू) काढायचा, परत चढवून फेणी काढायची, रात्रभर आगीजवळ बसायचं, आणि एवढं करून माल देतात गिऱ्हाईक नेईल त्या भावाला, बिनलेबलच्या कॅनमध्ये. मी त्यांच्यातल्या एकाला विचारलं नोंदणी केली का, तर म्हणाला "तें वयल्या लोकांचें". वरच्या लोकांचं! अरे बाबा, तो हक्कच तुझा आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सरकारने बातम्यांसाठी नवीन दहा वस्तूंचे अर्ज करण्याआधी आधीच्या वस्तूंच्या उत्पादकांची नोंदणी पूर्ण करावी. पंचायतीत एक दिवस बसा, फॉर्म भरून घ्या, आधार आणि जमिनीचा कागद घ्या, झेरॉक्सची सोय करा. फॉर्म मराठी आणि कोंकणीत असू दे, इंग्रजीत दिला की आमचे लोक घडी घालून खिशात ठेवतात. बाजारात हंगामात एक दोन तपासण्या होऊ दे, दंड नको सुरुवातीला, नुसता "हरमल" असा पाटीवर लिहिलेला शब्द काढायला लावा, तेवढं पुष्कळ. आणि कृषी खात्याने खरी मिरची, खरा मानकुराद ओळखायचा कसा याचा एक फोटोसकट फलक प्रत्येक बाजारात लावावा.

राहिली लिहून ठेवायची गोष्ट. राईतूरला 1616 साली फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण मराठीत छापलं गेलं, त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज हाती नाही. पुस्तक टिकलं ते कोणी हाताने उतरवून घेतलं म्हणून. कॉपीराइटच्या आजच्या चष्म्यातून बघितलं तर उतरवून घेणारे सगळे चोरच, पण त्यांनीच पुस्तक जिवंत ठेवलं. म्हणून मला वाटतं की गावागावात जैवविविधता नोंदवह्या (गावातली झाडं, प्राणी आणि त्यांच्याबद्दलची लोकांची माहिती लिहिलेल्या) केल्यात त्या पंचायतीच्या कपाटात कुलूपबंद ठेवू नका. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना तरी त्यांचं पान दाखवा, चुकलं असेल तर दुरुस्त करू दे. आजीला माहीत असलेलं औषध तिच्या नावाने लिहिलंय की नाही हे तिला कळायला नको का?

तुम्हाला एवढीच विनंती की अधिकृत वापरकर्त्याच्या नोंदणीची माहिती, फॉर्म कुठे मिळतो, सोबत काय जोडायचं, हे एका चौकटीत सोप्या मराठीत छापा. शक्यतो फेब्रुवारीत, काजूचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, आणि मिरचीवाल्यांसाठी परत एकदा नंतर. आमच्या वाड्यावर पेपर एकच येतो, पण तो आठ घरं फिरतो.

आपला नम्र,
एक वाचक, पेडणे