वर्णनाशेजारी चित्र छापू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोणी न काढलेल्या चित्रांची, न घडवलेल्या शिल्पांची वर्णने आपण रविवार पुरवणीत छापता. हे सदर जरूर चालू ठेवावे. मात्र प्रत्येक वर्णनाशेजारी संगणकाकडून करून घेतलेले चित्र असते, ते कृपया काढून टाका. वाचकाची नजर आधी चित्रावर जाते आणि वर्णन त्याच्याखालची ओळ होऊन बसते.

'शाकुंतला'च्या सहाव्या अंकात दुष्यंतासमोर शकुंतलेचे अर्धवट चित्र आहे. त्यात काय काढायचे राहिले, ते तो सांगतो: वाळूत हंसांची जोडपी बसलेली मालिनी नदी, दोन्ही बाजूंना हरणे विसावलेले हिमालयाचे पायथे, फांद्यांवर वल्कले टांगलेले झाड, आणि त्याखाली काळविटाच्या शिंगावर डावा डोळा खाजवणारी हरिणी. नुसता डोळा नव्हे, डावा डोळा. त्या एका शब्दाने हरिणीची मान वळते आणि काळवीट किती निश्चल उभा असेल तेही कळते. ते चित्र कधीच कुठल्या भिंतीवर नव्हते, तरी दिसते.

वर्णनावरून चित्र काढू नये असे मुळीच नाही. दुसऱ्या शतकातल्या लुशियन या ग्रीक लेखकाने प्राचीन ग्रीक चित्रकार अपेलीसच्या 'चुगली' या चित्राचे वर्णन लिहून ठेवले, ज्यात दुर्गुण आणि भावना माणसांच्या रूपात येतात: लांब कानांचा राजा, डाव्या हातात पेटती मशाल घेऊन तरुणाला केसांनी ओढत आणणारी चुगली, मागून काळ्या फाटक्या वस्त्रांतला पश्चात्ताप. मूळ चित्र आज नाही. 1494-95च्या सुमारास इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीने या शब्दांवरून आपले चित्र रंगवले, पण लुशियनने न सांगितलेले शिल्पांनी भरलेले दालन त्याने स्वतःच्या मनातून आणले. तो निर्णय एका चित्रकाराने विचार करून घेतला होता. आपल्या पुरवणीत ती रिकामी जागा यंत्र भरते, आणि लेखकाने ती मुद्दाम सोडली होती की विसरला, हे कोणी पाहत नाही.

लिहिणाऱ्यांनीही शिस्त पाळायला हवी. सुरुवात मापाने करावी: आधी उंची, मग रुंदी, शिल्प असेल तर खोली. मग माध्यम. वीस सेंटिमीटरच्या जलरंगातल्या गर्दीत शंभर चेहऱ्यांच्या सुरकुत्या मोजता येतात असे लिहिले की वाचकाचा विश्वास तिथेच उडतो. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा ठेवलेला कागद. 'शेवटी काळोखावर चांदणे टाकले' असे म्हणायचे असेल तर माध्यम अपारदर्शक रंगाचे हवे. संगमरवरी पुतळ्याचा लांब पसरलेला हात आधाराशिवाय स्वतःच्या वजनाने मोडू शकतो, म्हणून जुन्या मूर्तिकारांनी हाताला अंगाशी जोडणारा दगडी दांडा ठेवला, आणि पायांना आधार म्हणून झाडाचा बुंधा. पोकळ कांस्यात तोच हात सहज तोलला जातो. माध्यम ठरले की काय शक्य आहे तेही ठरते, आणि कल्पनेला नेमकी तीच अडचण लागते.

उजवे-डावे कोणाचे, पाहणाऱ्याचे की चित्रातल्या माणसाचे, हे पहिल्याच वाक्यात ठरवून शेवटपर्यंत तेच ठेवावे. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. प्रकाश कुठून येतो ते सांगावे, नाहीतर सावल्या एकमेकींशी भांडतात. 'ती वळते आणि हसते' ही गोष्ट झाली. एका चित्रात एकच क्षण मावतो, तेव्हा मान किती वळली आहे आणि ओठ मिटलेले आहेत की विलग, एवढेच लिहावे. 'अस्वस्थ करणारे', 'गूढ' ही विशेषणे पाहणाऱ्याची आहेत, चित्राची नव्हेत. ती गाळून कडेला कापला गेलेला हात, खरवडलेला कोपरा, चौकटीमागचा डाग लिहिला तर अस्वस्थता आपोआप येते.

मजकूर पाठवण्याआधी तो दोघांना वेगवेगळा वाचून दाखवावा आणि पेन्सिलीने कच्चे रेखाटन करायला सांगावे. रेखाटने जिथे वेगळी पडतील तिथे मोकळीक मुद्दाम दिली होती का, ते तपासावे. दिली असेल तर तशीच राहू द्यावी.

पुरवणीत चित्रे हवीच असतील तर ती पुढच्या रविवारी यावीत. वाचकांनी हाताने काढलेली, एकाच वर्णनावरची, आणि निदान तीन.

आपला,
एक वाचक