बाराव्या मजल्याला उतरा

कांदिवली,
९ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर बाबांच्या उपासाचा विषय काढला की बाबा "हो हो, बरं बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आई म्हणते, कुकर लावलाय, मग बोलू. कागद मात्र बाबा शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, मग तो शेंगदाण्याच्या पुडीचा का असेना. म्हणून लिहायला बसले. ओमच्या हाती डब्यासोबत पाठवतेय. डब्यात मटकीची उसळ आहे. बाबा, ती तुमच्यासाठी आहे, ओमला देऊन टाकू नका.

मागच्या मंगळवारचं अजून डोळ्यांसमोरून जात नाही. मी तिथे नव्हते, पण दादाने इतक्यांदा सांगितलंय की पाहिल्यासारखं वाटतं. फाइव्ह गार्डनचा बाक, बाबांचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, हात थरथरतायत, आणि तो चहावाला चार चमचे साखर घातलेला चहा बशीतून पाजतोय. त्याचे किती उपकार आहेत ते त्याला सांगून आलात का? नसाल तर या जाऊन.

आठ दिवस सकाळी दुधीचा रस, दुपारी पपई, रात्री काही नाही. साखरेची गोळी मात्र घड्याळाच्या काट्यावर, कारण तुम्ही आयुष्यात ड्युटीला उशिरा गेला नाहीत. डॉक्टरांनी तुम्हाला समोर बसवून सांगितलं, तेच परत लिहिते: तुमची गोळी पोटात अन्न आहे की नाही ते बघत बसत नाही, तिचं काम साखर खाली आणायचं, ती आणते. त्यावर दहा हजार पावलांचा हट्ट. दुसरा कोणी असता तर फाइव्ह गार्डनपर्यंतसुद्धा पोचला नसता. आणि दुधीचं म्हणाल तर भाजी करून खा. रस कडू लागला तर एक घोटही पुढे जाऊ द्यायचा नाही, कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत.

मी रागावलेली नाही. आईने मला सगळं सांगितलंय. जानेवारीत तुमच्या बस डेपोतल्या जुन्या मंडळींचं स्नेहसंमेलन आहे, सगळ्यांनी गणवेश घालून यायचं ठरलंय, आणि ट्रंकेतली खाकी पँट मांडीच्या वर येईना. मग मोबाइलवर तो 'एकवीस दिवसांत दहा किलो'वाला सापडला. बाबा, या बाबतीत तुम्हाला बोलायचा मला अधिकारच नाही. माझ्या लग्नाआधी मी सात दिवस कोबीचं सूप पीत होते, आठवतंय? चाळीच्या गॅलरीत वास सुटायचा आणि आई शेजाऱ्यांना सांगायची, पोरीचं पोट बिघडलंय. चार किलो उतरले म्हणून मी नाचले होते. ते बहुतेक पाणी होतं, हे फार नंतर कळलं. शरीर थोडी साखर साठवून ठेवतं आणि तिच्यासोबत तिच्या जवळजवळ तिप्पट पाणी. उपास केला की आधी ही साखर संपते, पाणी निघून जातं, काटा खाली येतो आणि आपल्याला वाटतं चरबी गेली. पूजेच्या दिवशी जेवले आणि दोन आठवड्यांत चारचे पाच झाले.

त्यानंतरही शहाणपण आलं नाही. एका जानेवारीत जिमचे वर्षाचे पैसे भरले आणि अकरा दिवस गेले. हे तुमच्या जावयाने तुम्हाला सांगितलं नसेल, चांगला माणूस आहे.

अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवायची स्पर्धा असायची. त्यातल्या चौदा जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, ते २०१६ साली छापून आलं. एक सोडून सगळ्यांचं वजन परत चढलं होतं. वाईट याचं वाटतं की त्यांचं शरीर नुसतं बसल्या जागी जेवढं जाळायला हवं त्याहून दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे चारेक पोळ्या. उपाशी ठेवलेलं शरीर काटकसर शिकतं आणि ती लवकर विसरत नाही. साठीनंतर तर आणखी एक घोळ: घाईने उतरवलेल्या वजनात स्नायूही जातात, आणि परत येते ती मुख्यतः चरबी. काटा जिथल्या तिथे, पण माणूस आधीपेक्षा कमकुवत.

आता एक गोष्ट सांगते, ती बाबांना आवडेल. १९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने बसवाल्यांवरचा अभ्यास छापला. डबल डेकरवाले, तुमच्याच जातकुळीचे. सुमारे ३१ हजार पुरुष. त्याला दिसलं की ड्रायव्हरांपेक्षा कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, आणि झालाच तर वय वाढल्यावर आणि कमी जीवघेणा. दोघांची बस एक, रस्ते एक, वस्तीही साधारण एकच. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर एका पाळीत पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. तुम्ही लगेच म्हणाल, "आमच्या गाडीला दोन कंडक्टर असायचे, एक वर, एक खाली." माहीत आहे. लंडनच्या गाडीला एकच असायचा. पण उभं राहणं तर तुमचंही तेवढंच होतं ना?

गंमत पुढे आहे. १९५६ साली त्याच मॉरिसने गणवेशांच्या मापांच्या नोंदी काढल्या. ड्रायव्हरांची कंबर नोकरीच्या सुरुवातीपासूनच मोठी होती. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही, काही फरक माणसांतच आधीपासून होता, आणि हे त्याने लपवलं नाही. तिथेही पुरावा पँटीचाच निघाला, बघा.

मी हे वाचताना मला वरच्या मजल्यावरचे तुम्ही आठवत होतात. मी सहावीत असेन, सुट्टीत तुमच्याबरोबर एक फेरी मारली होती, पुढच्या खिडकीत बसून. तुमच्या डाव्या हातात तिकिटांची पेटी, उजव्यात पंच, दांड्यावर टिकटिक वाजवत तुम्ही मागून पुढे येत होता. हिंदमाताला गाडी अशी वळली की बसलेली माणसं एकमेकांवर गेली. तुम्ही काहीही धरलं नव्हतं. पाय थोडे फाकवून, गुडघे सैल सोडून उभे, आणि कोणाला तरी म्हणत होता, "सुट्टे द्या, सुट्टे." आज पासष्टीपुढच्या लोकांना जागतिक आरोग्य संघटना सांगते की आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळायचे आणि ताकदीचे व्यायाम करा. तुम्ही ते आठवड्याला सहा दिवस, आठ-आठ तास केलेत आणि वर पगार घेतलात.

आईचंही तेच. पहाटे पाण्याला उठायचं, गॅलरीच्या टोकाच्या नळावरून हंडे आणायचे, तीन मजले उतरून भाजी, पुन्हा तीन मजले वर. सत्तावन्न पायऱ्या होत्या, मी लहानपणी पाढे म्हणत मोजल्यात. मग बाबा निवृत्त झाले, चाळ पडली, टॉवर उभा राहिला आणि आपण चौदाव्या मजल्यावर आलो. घरात नळ आला, कपडे धुवायला मशीन आलं, लिफ्ट आली. मी स्वतः पेढे वाटलेत, त्यामुळे चाळ किती छान होती असं रडगाणं गाणार नाही. आईच्या कमरेवरचा हंडा उतरला ते बरंच झालं. पण त्या दोन-तीन वर्षांत तुम्हा दोघांचं दिवसभराचं चालणं-चढणं कोणाच्या लक्षातही न येता बंद झालं. गुडघे त्यानंतर दुखायला लागले आणि साखरही त्यानंतरच निघाली. वय तर आहेच, पण सगळं वयावर ढकलू नका.

तेव्हा बाबा, माझं म्हणणं एवढंच आहे. जे थोडं थोडं करून वर्षानुवर्षं झालं आणि थोडं थोडं करून गेलं, ते एकवीस दिवसांत कसं परत येईल? तुम्हीच म्हणायचात ना, गल्ला सुट्ट्यानेच भरतो, शंभराची नोट दिवसातून एखादीच.

दहा हजार पावलांचा आकडाही काही वेदात लिहिलेला नाही. १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचा मीटर' अशा अर्थाचं होतं. तिथून तो आकडा जगभर पसरला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या हजारो बायकांची पावलं मोजली. दिवसाला २,७०० चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी फायदा दिसेना. तुमचा फोन एरवी तीन हजारांच्या आसपास दाखवतो, मी दिवाळीत गुपचूप बघितलंय. हजार वाढवा. महिन्याने आणखी पाचशे. न्याहारी करून निघायचं आणि खिशात खडीसाखर ठेवायची. गोळीच्या वेळेचं डॉक्टरांना विचारून मगच काय ते.

आणि दुसरं, लिफ्टमध्ये चौदा दाबायचं नाही, बारा दाबायचं. शेवटचे दोन स्टॉप पायी. छातीत भरून आलं किंवा चक्कर वाटली तर तिथेच थांबून दादाला हाक मारायची, पुरुषार्थ नको. उतरताना लिफ्टच, गुडघ्यांना उतरणं जास्त जड जातं.

आई, तुला जिना नको. तुझी खुर्चीच बरी. पाडव्याला आपण ते केलं होतं ना, हात छातीवर घडी घालून तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं ते? ओमने मोबाइलवर वेळ लावली होती. पहिल्या दोनदा तू सवयीने हात गुडघ्यावर टेकलेस, ते आम्ही धरले नाहीत. सात झाले. तुझ्या वयाच्या बाईला अकराच्या खाली म्हणजे कमी समजतात. तू म्हणालीस, "खुर्चीच खोल आहे मेली." मग जेवणाच्या टेबलाची खुर्ची घेतली, तरी सातच. पण परवा फोनवर तू आपणहून म्हणालीस, नऊ झाले. मी तेव्हा काही बोलले नाही, लोकलमध्ये होते, पण शेजारणीला सांगितलं.

कुकर लावलास की पहिली शिट्टी ते तिसरी शिट्टी ओट्याला हात टेकवून टाचा वर-खाली करायच्या. वेगळा वेळ काढायला नको, चटई नको. बाबांनीही तेव्हाच शेजारी उभं राहून एका पायावर तोल धरावा, बोटं ओट्याला लावून. जागा अपुरी पडेल, भांडणं होतील, ते तुमचं तुम्ही बघा. खाण्यात रोज डाळ-उसळ, बाबांना अंडं. आई, तू चहासोबत टोस्ट खातेस त्याऐवजी मूठभर शेंगदाणे खा. याहून जास्त बदल मी सांगत नाही.

त्या मोबाइलवाल्याने एकवीस दिवसांत सवय लागते असंही सांगितलंय म्हणे. लंडनमध्येच ९६ जणांवर तपासून बघितलंय, साधारण ६६ दिवस लागले. कोणाला १८, कोणाला तर २५४ लागतील असा हिशेब निघाला. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. मला ते पटतं. मी जूनपासून स्टेशन ते घर शेअर रिक्षा सोडलीय, बावीस मिनिटं चालते. जुलैत आठवडाभर एक पाऊल चालले नाही, गुडघाभर पाणी होतं. आधीची मी असते तर 'मोडलं एकदाचं' म्हणून सोडून दिलं असतं. पाणी ओसरलं, पुन्हा चालायला लागले. वजन म्हणाल तर पाच महिन्यांत दोन किलो उतरलंय. कोणाच्या लक्षात आलेलं नाही. पण दादरचा पूल आता न थांबता चढते, पिशवी घेऊन.

आता पँट. दिवाळीत ट्रंक आवरताना मी ती उलटी करून बघितली. तुमच्या शिंप्याने मागच्या शिवणीत दोन्ही बाजूंना चांगलं बोटभर कापड आत ठेवलंय. सोडलं तर दीड इंच सहज मिळेल, आणि बटण थोडं सरकवलं तर आणखी अर्धा. जानेवारीपर्यंत तेवढं पुरेल. शर्ट बाहेर काढू नका, बिल्ला लावाल तेव्हा शोभणार नाही.

रविवारी येते मी, उसवायला छोटी कात्री आणते. आई, शिवणाच्या डब्यात खाकी दोऱ्याचं रीळ आहे का बघून ठेव, नसेल तर फोन कर, मी दादरला स्टेशनबाहेरून घेईन. लिफ्टने बाराव्यापर्यंतच येणार आहे, तेव्हा चहा थोडा उशिरा टाका.

तुमची,
सुमी

ता. क. मटकीच्या डब्याचं झाकण घट्ट बसतं, चमच्याने उचकटा. आणि रिकामा डबा ओमबरोबर परत पाठवा, मागचे तीन तिकडेच आहेत.