अंगठा मीच घेतला होता

महोदय,

मंगळवारच्या अंकातला नव्या सिस्टर ऑपरेशन थिएटरमध्ये तोंड का उघडत नाहीत, हा लेख वाचला आणि रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून हे पत्र. लेखक डॉक्टर मोठे आहेत, भाषाही गोड आहे. पण 'शंका आली तर सिस्टरनं बिनधास्त बोलावं' हे लिहिणारा टेबलाच्या कुठल्या बाजूला उभा असतो, ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे.

१९८८ साली मी कोल्हापुरातल्याच एका खासगी दवाखान्यात थिएटरला नवी होते. तिसराच आठवडा. भुदरगडकडची तिशीतली एक बाई अंडाशयाची गाठ काढायला आली होती. आदल्या संध्याकाळी संमतीच्या फॉर्मवर तिचा अंगठा मीच घेतला. फॉर्म इंग्रजी, बाईला अक्षरओळख नाही, आणि मीही "गाठ काढणार हायत, भिऊ नका" एवढंच बोलले. पोट उघडल्यावर सर म्हणाले, "गर्भपिशवी पण बरी दिसत नाही, काढूनच टाकू." मी म्हटलं, "सर, फॉर्मवर फक्त गाठ आहे." सरांनी मानही वर केली नाही. "सिस्टर, क्लॅम्प द्या. आणि कुणीतरी बाहेर जाऊन नवऱ्याची सही आणा." दोन मिनिटांत सही आली. रक्तस्राव नव्हता, जिवावर बेतलं नव्हतं. मी क्लॅम्प दिला.

तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग करताना बाईनं विचारलं, "सिस्टर, पाळी आता कधी येईल वो?" तिला कुणी सांगितलंच नव्हतं. "डॉक्टर सांगतील," म्हणून मी ट्रे उचलून बाहेर आले. तेव्हा तर समोर सर नव्हते. मग मला कुणी अडवलं होतं?

पुढे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात असाच खटला गाजला. दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईची पिशवी काढली होती, संमती घेतली होती बाहेर बसलेल्या आईची. न्यायालय म्हणालं, घाई नव्हती, पेशंट सज्ञान आहे, तिला शुद्धीवर येऊ द्यायचं होतं. भरपाई किती, तर पंचवीस हजार! असो.

तुमच्या डॉक्टरांना एकच विचारते. कालची पोरगी जरी मॉप, म्हणजे रक्त टिपायची फडकी, मोजून म्हणाली, "सर, एक मॉप कमी आहे," तरी मोठ्यातला मोठा सर्जन टाके घालायचे थांबतो. तिथं तिचं वय, हुद्दा, कुणी बघत नाही, कारण पोटात मॉप राहिला तर सर अडकतात. "सर, संमती कमी आहे," म्हटल्यावर मात्र ती आगाऊ ठरते आणि पुढच्या महिन्यात नाइट लागते. भूल देण्याआधी संमती तपासायची यादी जागतिक आरोग्य संघटनेनं कधीच दिली आहे. मी निवृत्त झाले तिथं ती ऑपरेशन उरकल्यावर चहा पिता पिता एका दमात भरली जायची. आणि लेख सिस्टरच्या धाडसावर! १२ मे ला, परिचारिका दिनाला, गुलाबाचं फूल आणि आमचा फोटो छापता, तसाच हाही प्रकार.

जाता जाता. दवाखान्यापासून शंभर मीटर शांतता क्षेत्र असतं म्हणे. विसर्जनाच्या रात्री डॉल्बीनं थिएटरच्या काचा थरथरत असताना मॉप मोजून बघा एकदा. त्यावर तुम्ही दरवर्षी लिहिता, पण मिरवणूक संपल्यावर. यंदा जरा आधी लिहा.

एक निवृत्त सिस्टर,
मंगळवार पेठ, कोल्हापूर
(नाव छापू नये)